मैदानावरचा ‘ट्रेनर’ व्हायचंय? मग दहावीनंतरच ठरवावं लागेल. बारावीनंतर उशीर होतो

गेल्या हंगामात शेजारच्या गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने होते. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. हॅलोजनचा उजेड, माइकवर ओरडणारा निवेदक, कडेला भेळवाले. सेमीफायनलला एकोणीस वर्षांचा एक पोरगा चढाईला गेला, मधल्या रेषेकडे वळता वळता त्याचा पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. कुणी नीट धरलंही नव्हतं. तो खाली बसला आणि म्हणाला, “आतमधी कट् करून वाजलं.”

मग आपल्याकडे होतं तेच झालं. चौघांनी उचलून बाहेर आणलं. एका काकांनी तेल मागवलं आणि गुडघा जोर लावून चोळायला सुरुवात केली. कुणी पाय ओढून पाहिला. सकाळी आंबेहळदीचा गरम लेप बसला. आठ-दहा दिवसांत सूज उतरली, पोरगं चालायला लागलं. सगळे म्हणाले, बरं झालं. पोलीस भरतीची तयारी चालू होती, म्हणून महिन्याभराने ते पुन्हा ग्राउंडवर गेलं. तिसऱ्या दिवशी धावताना गुडघा ‘सटकला’. मग एमआरआय, मग कळलं की आतला एसीएल नावाचा लिगामेंट पूर्ण तुटलाय आणि लंगडत धावल्याने गुडघ्यातली गादीही फाटलीय. ऑपरेशन झालं. त्या वर्षाची भरती गेली.

मी बातमी करायला त्यांच्या घरी गेलो होतो. त्याची धाकटी बहीण दहावीला, स्वतः खो-खो खेळणारी. तिने विचारलं, “दादा, टीव्हीवर मॅचमध्ये कोणी पडलं की बॅग घेऊन पळत येतात ना, त्यांचं शिक्षण काय असतं? मी मोबाइलवर बघितलं तर अॅथलेटिक ट्रेनिंग असं येतंय. सगळं अमेरिकेचंच येतंय.”

तिचा प्रश्न बरोबर होता आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर चार ठिकाणी विचारून जे कळलं ते इथे सांगतोय. दहावी-अकरावीला पोरं असलेल्या आईबापांनी जरा निवांत वाचा.

अमेरिकेतलं ‘अॅथलेटिक ट्रेनिंग’ म्हणजे नेमकं काय

नावावरून वाटतं की धावायला, उड्या मारायला शिकवणारा माणूस. तसं नाही. तिथला अॅथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला माणूस असतो. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून आधी काळजी घेणं, झालीच तर मैदानावर पहिला उपचार, डॉक्टरकडे कधी पाठवायचं याचा निर्णय आणि नंतर त्याला पुन्हा खेळण्याच्या लायक करणं ही त्याची कामं. डॉक्टरच्या मार्गदर्शनाखाली तो काम करतो. अमेरिकेत त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० सालापासून आहे, आणि बहुतेक सगळ्या राज्यांत परवान्याशिवाय हे काम करता येत नाही. तिथल्या अनेक शाळांतही असा माणूस नेमलेला असतो.

या माणसाची किंमत काय, हे साऱ्या जगाने २ जानेवारी २०२३ ला पाहिलं. सिनसिनाटी शहरात अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. बफेलो संघाचा डामार हॅमलिन हा खेळाडू धडक झाल्यावर उठला आणि लगेच कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. संघाचा सहायक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन याने तिथेच मैदानावर छाती दाबायला सुरुवात केली, मग शॉक देण्याचं यंत्र लावलं. हॅमलिन वाचला, आणि पुढच्या हंगामात परत खेळलाही. दवाखान्यात नेईपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

आता मोबाइलवर शोधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी हा अमेरिकेत पदवीचा कोर्स होता, म्हणजे बारावीनंतर थेट. २०१५ साली तिथे ठरलं की ही पात्रता आता पदव्युत्तर पातळीवरच द्यायची, आणि २०२२ नंतर पदवीच्या जुन्या कोर्सला नवीन प्रवेश बंद झाले. आज तिथे आधी पदवी, मग साधारण दोन वर्षांचं मास्टर्स, मग परीक्षा, मग परवाना अशी रांग आहे. इंटरनेटवरची जुनी पानं मात्र अजून तशीच पडून आहेत. कुणी एजंट “बारावीनंतर अमेरिकेत अॅथलेटिक ट्रेनरची डिग्री” असं सांगून पैसे मागत असेल तर त्याला हाच प्रश्न विचारा, ही डिग्री घेऊन परवान्याच्या परीक्षेला बसता येतं का? बघा काय उत्तर येतं ते.

आपल्याकडे एकाच ‘सर’मध्ये दोन माणसं

भारतात अॅथलेटिक ट्रेनर अशी वेगळी, कायद्याने ठरलेली पदवी नाही. आपल्याकडे हे काम दोन-तीन वेगवेगळ्या लोकांत वाटलं गेलंय आणि गावात सगळ्यांना आपण ‘सर’ नाहीतर ‘वस्ताद’ म्हणतो. तिथूनच घोळ सुरू होतो.

एक माणूस खेळ शिकवतो. चढाई कशी करायची, स्टार्ट कसा घ्यायचा, किती राउंड मारायचे. तो कोच. दुसरा माणूस शरीर सांभाळतो. कुठला लिगामेंट गेलाय, आज खेळायचं की नाही, ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात गुडघा किती वाकवायचा. तो फिजिओथेरपिस्ट, आपल्या बोलीत फिजिओ. टीव्हीवर बॅग घेऊन पळत येतो तो बहुतेक वेळा हाच. कोचने फिजिओचं काम केलं की जत्रेतल्या त्या पोरासारखं होतं. तेल चोळणाऱ्या काकांवर माझा राग नाही, त्यांनी मायेनेच केलं. पण ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, दारू पाजणं, पळवणं या चारही गोष्टींनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दोन्ही कामं चांगली आहेत. पण त्यांच्या शिक्षणाची वाट दहावीनंतरच फुटते, आणि हीच गोष्ट आपल्या गावांत कुणाला माहीत नसते. खेळात पुढे असलेल्या पोराला घरचे म्हणतात, आर्ट्सला टाका, कॉलेजला जायची कटकट नाही, सकाळ-संध्याकाळ ग्राउंड करता येईल. बारावी होते. मग पोरगं म्हणतं, मला फिजिओ व्हायचंय. तोवर दार बंद झालेलं असतं.

फिजिओची वाट: अकरावीला सायन्स, त्यात बायोलॉजी

महाराष्ट्रात या पदवीला बीपीटीएच म्हणतात, बॅचलर ऑफ फिजिओथेरपी. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. नीट परीक्षा द्यावी लागते आणि प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, ऑनलाइन फेऱ्यांमधून होतो. एमबीबीएसला लागतात तेवढे मार्क इथे लागत नाहीत. त्यामुळे ‘नीट’ नाव ऐकूनच मागे फिरू नका. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, फॉर्म भरताना भाषा निवडावी लागते. मात्र पदवीचं शिक्षण इंग्रजीतून आहे आणि पहिलं वर्ष मराठी माध्यमाच्या पोरांना जड जातं. हे लपवण्यात अर्थ नाही. शरीरातल्या प्रत्येक हाडाचं, स्नायूचं, नसेचं नाव लॅटिन-इंग्रजीत पाठ करावं लागतं. दहावीच्या सुट्टीपासून रोज थोडं इंग्रजी वाचायची सवय लावली तर पुढे त्रास कमी होतो.

आतापर्यंत हा कोर्स साडेचार वर्षांचा होता, चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. २०२१ साली केंद्राने अशा आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदा करून राष्ट्रीय आयोग नेमला. त्या आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात हा कोर्स इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा आहे. तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम लागू आहे ते सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत बघा. ही पुस्तिका दरवर्षी नवी निघते. गेल्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर विसंबू नका.

शिकवतात काय? पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीराचं काम कसं चालतं ते. यात मृतदेहावर प्रत्यक्ष शिक्षण असतं, त्याची मनाची तयारी ठेवावी. त्यानंतर आजार, औषधांची ओळख, व्यायामाने आणि विजेच्या यंत्रांनी उपचार कसे करायचे ते. पुढच्या वर्षांत हाडं-सांधे, मेंदू आणि नसा, हृदय-फुप्फुस, आणि वस्तीत जाऊन उपचार करणं. म्हणजे खेळाडूंच्या दुखापती हा त्यातला एक भाग आहे. अर्धांगवायूचा रुग्ण उभा करणं, दम्याच्या माणसाला श्वास शिकवणं, म्हाताऱ्या आजीला गुडघा बदलल्यावर चालवणं, हे सगळं आधी करावं लागतं. फक्त खेळाडूच बघायचे असतील तर पदवीनंतर एमपीटीएच करताना स्पोर्ट्स किंवा हाडा-सांध्यांचा विषय घेतात.

शिकलेला माणूस वेगळं काय करतो, ते त्या पोराच्याच गुडघ्यावरून सांगतो. वळताना ‘कट्’ आवाज आला, दोन-तीन तासांतच गुडघा टम्म सुजला, आणि पाय टाकताना गुडघा आपला नाही असं वाटतंय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की फिजिओच्या डोक्यात पहिला संशय एसीएलचा येतो. हाताने करायच्या साध्या तपासण्या असतात, त्यावरून अंदाज पक्का होतो. मग पाय स्थिर ठेवायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावायचा, पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. सूज उतरली म्हणजे लिगामेंट जुळला असं नसतं, हे घरच्यांना समजावणं हे त्याचं मोठं काम. पूर्ण तुटलेला एसीएल चोळून, ओढून किंवा बांधून जुळत नाही. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही, पण ज्याला परत वळणं, उड्या, पकडी असलेला खेळ खेळायचाय त्याला बहुतेक वेळा लागतं.

आणि ऑपरेशननंतरच खरी फिजिओची गरज. परत मैदानात यायला निदान नऊ महिने धरावेत, त्याआधी घाई केली तर तोच गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो. या नऊ महिन्यांत मांडीचा स्नायू दुसऱ्या पायाइतका मजबूत करायचा, मग सरळ धावणं, मग वळणं, मग उडी मारून नीट खाली येणं, अशा पायऱ्या असतात. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलेला, त्याचाही जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा गेला, एसीएल. ऑपरेशन करावं लागलं आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. म्हणजे दुखापत मोठ्या खेळाडूलाही चुकत नाही. फरक इतकाच की त्याच्या भोवती जाणती माणसं असतात आणि आपल्या जत्रेतल्या पोराभोवती तेलाची बाटली असते.

उन्हाचंही तसंच. भरतीच्या धावण्यात पोरं कोसळल्याच्या, जीव गेल्याच्या बातम्या आपण दर भरतीला वाचतो. व्यायाम करताना अंग तापून माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजायचा, मग घाम येत असला तरीही. तिथे नियम असा की आधी अंग गार करायचं, मग गाडीत घालायचं. सावलीत न्या, कपडे सैल करा, मानेपर्यंत गार पाण्यात बसवता आलं तर उत्तम. गुरांचा स्वच्छ हौद, पाण्याची टाकी, काहीही चालेल, फक्त डोकं धरून ठेवणारा माणूस जवळ हवा. ते जमत नसेल तर सतत पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी पाणी ओतायचं. आणि कोसळलेला माणूस हाक मारून हालत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. केलिंग्टनने तेच केलं होतं. हे शिकायला पदवी लागत नाही, प्रत्येक अकॅडमीतल्या दोघा-तिघांना तरी ते यायलाच पाहिजे.

मार्क कमी पडले किंवा आर्ट्स झालं असेल तर

खेळाशी जोडलेल्या दुसऱ्या वाटा आहेत आणि त्या कमी दर्जाच्या नाहीत. बारावी कुठल्याही शाखेतून झाल्यावर शारीरिक शिक्षणातली तीन वर्षांची पदवी करता येते, तिला बहुतेक ठिकाणी बीपीईएस म्हणतात. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ यासाठी जुनं आणि नावाजलेलं ठिकाण. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले होते. विदर्भातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही, पण मराठवाड्यात आणि इकडे अनेकांना ठाऊक नसतं. राज्याबाहेर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, १९५७ ची.

शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड करावं लागतं. त्याला सीईटी आहे आणि सोबत मैदानी चाचणीही. क्रीडा शिक्षकांच्या जागा कमी निघतात, हे आधीच मनाशी धरून चला. कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, एक वर्षाचा डिप्लोमा देशभर मानला जातो. तिथे तुमच्या खेळातली कामगिरी बघतात, म्हणून खेळाडूंनी आपली सर्टिफिकेटं जपून ठेवावीत. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत भिजलेली सर्टिफिकेटं मी पाहिलीत.

या पदव्यांमध्येही शरीरशास्त्र, खेळातल्या दुखापती, प्रथमोपचार शिकवतात. त्यामुळे चांगला क्रीडा शिक्षक दुखापत ओळखून योग्य ठिकाणी पाठवू शकतो. पण रुग्णावर फिजिओ म्हणून उपचार करायचा हक्क या पदवीने मिळत नाही. अलीकडे काही खासगी विद्यापीठांत स्पोर्ट्स सायन्सची पदवी निघालीय. तीही व्यायामाचं शास्त्र, खेळाडूंची मोजमापं, आहार अशा कामांसाठी चांगली, फिजिओच्या परवान्यासाठी नाही. जाहिरातीत दोन्ही एकत्र कालवून सांगतात, तिथे सावध राहा.

सगळ्यात जास्त फसवणूक छोट्या डिप्लोम्यांत होते. “तीन महिन्यांत स्पोर्ट्स फिजिओ”, “घरबसल्या सर्टिफिकेट”. महाराष्ट्रात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करायला राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते आणि ती मान्य पदवीवरच होते. प्रवेशाआधी कॉलेजला सरळ विचारायचं, तुमची पदवी कुठल्या विद्यापीठाची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची की दुसऱ्या कुणाची, आणि तिच्यावर परिषदेची नोंदणी होते का? उत्तर तोंडी देऊन भागवत असतील तर लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ केली तर तिथून उठायचं.

पैशाचं आणि कागदांचं

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत फी कमी, पण जागा मोजक्या. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरला शासकीय मेडिकल ही त्यातली मुख्य नावं. बाकी बहुतेक कॉलेजं खासगी आहेत आणि त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या वेबसाइटवर दिसतो. कॉलेज सांगतं तो आकडा आणि हा आकडा जुळवून बघा. होस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च वेगळा धरा. तो फीच्या आकड्यात कोणी सांगत नाही.

शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. मुलगी हुशार आहे पण फी झेपणार नाही म्हणून नाव काढून टाकणाऱ्या आईबापांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी. एससी, एसटी आणि इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत, त्या त्याच पोर्टलवर बघायला मिळतात.

आणि जात वैधता प्रमाणपत्र! दरवर्षी जूनमध्ये तहसील आणि समाजकल्याणच्या दारात रडकुंडीला आलेले लोक दिसतात. अकरावीला प्रवेश झाला की त्याच वर्षी वैधतेची फाइल टाका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास हे बारावीच्या परीक्षेआधी हातात असू द्या.

नोकरीचं खरं काय ते

प्रो कबड्डी, आयपीएल, भारतीय संघ, तिथे फिजिओ असतात आणि टीव्हीवर दिसतात. पण अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पास झालेले बहुतेक जण आधी हॉस्पिटलात किंवा कुणाच्या क्लिनिकमध्ये कमी पगारावर काम करतात. दोन-तीन वर्षं हात बसला की स्वतःचं क्लिनिक टाकतात. शहरात गर्दी आहे. तालुक्याच्या गावी मात्र अजून जागा आहे. ऊसतोड करून कंबर गेलेले, ट्रॅक्टरवरून पडलेले, अर्धांगवायू झालेले, गुडघ्याचं ऑपरेशन करून पुण्याहून घरी आलेले म्हातारे, यांना रोज व्यायाम कोण करून घेणार? आज हे लोक पन्नास-साठ किलोमीटर जातात नाहीतर जातच नाहीत. खेळाडू तुमच्याकडे हंगामात येतील, बारा महिने घर चालेल ते या रुग्णांवर. खेळाची आवड असलेल्या पोराला हे आधीच सांगावं, म्हणजे मागाहून निराशा होत नाही.

आणखी एक. खेळणं आणि हा अभ्यास दोन्ही एकत्र झेपतं का, असं बरेच पालक विचारतात. नीटच्या वर्षी स्पर्धा कमी कराव्या लागतात, यात दुमत नाही. पण जो स्वतः खेळलाय, ज्याला मुरगळलेला पाय घेऊन बेंचवर बसायचं दुःख माहीत आहे, त्याच्याशी खेळाडू मोकळेपणाने बोलतात, असं मला भेटलेल्या दोघा फिजिओंनी सांगितलं. त्यातल्या एक ताई शाळेत राज्यस्तरावर हँडबॉल खेळलेल्या. त्या म्हणाल्या, “पोरं दुखणं लपवतात हो. संघातून काढतील म्हणून. मी लपवलंय, म्हणून मला चेहऱ्यावरून कळतं.”

त्या पोराच्या बहिणीला दहावीला चांगले मार्क पडले. आता अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालेत, फॉर्ममध्ये शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. वडिलांच्या मनात आर्ट्स होतं, ज्युनिअर कॉलेज गावातच आहे म्हणून. सायन्सचं कॉलेज तालुक्याला, एसटीने पाऊण तास. बरीच चर्चा झाली. आजी म्हणाली, पोरीला रोज एवढं लांब कशाला. शेवटी भावानेच गुडघ्याची पट्टी सोडून दाखवली आणि म्हणाला, “आबा, माझ्या टायमाला गावात एक जरी असं शिकलेलं असतं तर?”

फॉर्ममध्ये पहिली पसंती सायन्स, बायोलॉजीसकट, अशी भरली आहे. एसटीच्या पासचा अर्जही केलाय. भावाच्या ऑपरेशनला सात महिने झालेत, अजून दोन महिने तरी त्याला पळायची परवानगी नाही, आणि तो ते ऐकतोय की नाही यावर बहिणीचं बारीक लक्ष आहे.